तिथीची पाऊणपट

आमच्या घरासमोरचा रस्ता थेट समुद्राला जाऊन मिळतो, हे मला कुणी सांगायला नको होतं. कोलकात्याच्या बेहालातलं हे घर भाड्याने घेतलं तेव्हा दलालाने कौतुकाने सांगितलं, खाली ऑटो, समोर बस, डोक्यावर मेट्रो, आणि हाच डायमंड हार्बर रोड धरून नाकासमोर गेलात की बखाली. पुढे रस्ता नाही, पाणी. त्याला वाटलं असेल, कोकणातली बाई आहे, खूश होईल. मी खूश झाले नाही, अस्वस्थ झाले. तेव्हापासून गॅलरीत कपडे वाळत घालतानाही माझं लक्ष दक्षिणेकडे जाणाऱ्या बसगाड्यांवर. त्या सगळ्या समुद्रावर चालल्या आहेत आणि मी इथे उशांचे अभ्रे झटकत उभी आहे, असं वाटायचं.

तशी मी जन्माचीच पायाला भिंगरी लावलेली. नवरा सरकारी बँकेत, दर काही वर्षांनी बदली. इतर बायका सामान बांधून बांधून कंटाळतात. मला मात्र एका गावात दोन वर्षं झाली की पायात मुंग्या येतात. नवऱ्याचं नेमकं उलटं. कुठल्याही गावात गेलं की पहिल्या रविवारी तो एक खुर्ची पसंत करतो आणि बदली होईपर्यंत तिच्यातून उठत नाही. कोलकात्याला आल्यावर मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि मग तर मला घरात बसवेना. तिच्या खोलीचं दार उघडं ठेवलं तरी त्रास, लावलं तरी त्रास. दिवसातून चारदा मी ते उघडायचे आणि लावायचे.

अशात दिवाळीनंतर माझे बाबा आमच्याकडे आले. आले म्हणजे मी त्यांना उचलून आणलं. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रात घुसलेल्या एका सड्यावर, कातळाच्या पठारावर. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटे. एके दिवशी अंगणात चक्कर येऊन पडले आणि शेजारणीने बघेपर्यंत उन्हात तसेच पडून होते. डॉक्टर म्हणाले, यापुढे यांना एकटं ठेवू नका. मी घराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली आणि त्यांना विमानात बसवलं. वाटेत ते फक्त एकदा बोलले. "किल्ली माझ्याकडे दे," म्हणाले.

बाबांची सगळी नोकरी बंदर खात्यात, खाडीवरच्या तरीच्या, म्हणजे पैलतीरी नेणाऱ्या होडीच्या, धक्क्यावर. होडी कधी सुटणार, कधी गाळात बसणार, हे पाण्यावर ठरायचं, आणि पाण्याच्या वेळा बाबांना तोंडपाठ असायच्या. आमच्याकडे भरतीचा हिशेब पोराटोरांनाही ठाऊक असतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर सहाला, चतुर्थीला तीनला. मग साधारण सहा तासांनी ओहोटी. पण बाबांना बोटंसुद्धा मोडावी लागत नसत. जेवायला बसले की म्हणायचे, "लागली ओहोटी," आणि आई म्हणायची, "भात घ्या आधी."

बेहालात त्यांना बसवत नव्हतं. गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंत येरझाऱ्या. बाजारातले मासे बघून आले आणि म्हणाले, "गोड्या पाण्यातले. चिखल खातात, चिखलासारखे लागतात." खालच्या दुकानदाराने "दादू", म्हणजे आजोबा, अशी हाक मारली तर तोंड फिरवून उभे. मग एका सकाळी गॅलरीतून मला विचारलं, "हा रस्ता कुठे गो जातो?"

"समुद्रावर."

"मग आपण इथे काय करतोय?"

ती भिंगरी कुणाकडून आली, ते मला तिथेच कळलं. डबा भरला, नवऱ्याला खुर्चीत सोडलं आणि निघालो.

पहिल्या खेपेला डायमंड हार्बरपर्यंतच गेलो. तिथे समुद्र नाही, नदीच, पण एवढी रुंद की पलीकडचा काठ पुसट दिसतो. पौर्णिमा होती. बाबांनी गाडीतच हिशेब सांगून ठेवला होता. आम्ही काठावर चहा घेत उभे राहिलो आणि त्यांनी सांगितलेल्या वेळेच्या थोडं मागेपुढे पाणी पायऱ्या चढत आलं. बाबांचा चेहरा मी कित्येक महिन्यांत तसा पाहिला नव्हता. "जरा उशीर केलान," म्हणाले. "नदी आहे, आळस करायचीच. पण समुद्र सगळा एकच." परत येताना गाडीत ते एकटेच हसत होते.

पुढच्या खेपेला बखालीला गेलो. काकद्वीप मागे टाकलं, नामखान्याचा पूल ओलांडला, दोन्ही बाजूंना कोळंबीची तळी लागली, आणि रस्ता संपला तिथे समुद्र होता. म्हणजे असं लोक म्हणाले. ओहोटीची वेळ. जिथवर नजर जाईल तिथवर करडा ओला चिखल, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी एक चकाकती रेघ. लाटेचा आवाज नाही, खडक नाही, काही नाही. बाबा कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"हा समुद्र की खाजण?" म्हणाले.

मला राग आला. एवढी गाडी हाकत आणलं, तर निदान खोटं कौतुक तरी करावं! पण खरं सांगायचं तर मलाही तो आपला वाटत नव्हता. आमच्या गावी सडा चढून टोकावर गेलं की एकदम पायाखाली पाणी उघडतं. खाली काळा कातळ, त्यावर फुटणारा फेस, डावीउजवीकडे एकामागे एक सरकलेली टोकं. शाळेत आम्ही त्याला भूशिर म्हणायला शिकलो, पण घरी टोकच. समुद्राला आम्ही वरून ओळखतो. इथे तो आमच्यासमोर आडवा पसरलेला होता आणि त्याला तोंड कुठे, पाय कुठे, समजत नव्हतं.

वाळूवर सतरंजी टाकून जेवलो. तिथेच मी मनातलं बोलले. "बाबा, आता इथेच राहा. कायमचे."

"शिमग्याला जायला हवं."

"शिमगा करून परत या."

ते वाळूत बोटाने रेघा ओढत बसले. शिमग्यात आमच्या गावी देवीची पालखी घरोघर जाते. पालखी दारात आली आणि दार बंद असलं, असं आमच्या घराच्या बाबतीत कधी झालेलं नाही. दार उघडणारे आता फक्त बाबा उरले होते, हे त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. आणि एकदा ते तिथे गेले की परत यायचे नाहीत, हेही.

"एक टोक दाखव मला," शेवटी म्हणाले. "तुझ्या या मुलखात. उभं राहिलं की समुद्र पायाखाली दिसला पाहिजे. मग राहतो."

"नक्की?"

"बापाचा शब्द आहे."

झालं. मला तर निमित्तच हवं होतं. तो सगळा हिवाळा आम्ही रस्त्यावर काढला. आमच्या गाडीला अजून महाराष्ट्राचा नंबर. पोलीस थांबवायचे, कागद मागायचे, कुठे चाललात विचारायचे. समुद्राकडे वरून बघायला चाललोय, हे हिंदीत कसं सांगणार? मी "घूमने" म्हणायचे. फ्रेझरगंजला गेलो. हेन्री बेटावर मनोरा होता, त्यावर चढलो. वरून समुद्र खाली दिसला खरा. मी विजयाने बाबांकडे पाहिलं तर ते म्हणाले, "हा माणसांनी बांधलाय. उद्या पाडतील." मग होडीने सागर बेटावर. लोक गंगासागरला मोक्षासाठी जातात, आम्ही उंचीसाठी गेलो. तिथे काठावरची झाडं मुळांसकट पाण्यात आडवी झालेली. जमीन वर यायची सोडून खालीच चाललेली. मग दुसरी दिशा धरली, कोलाघाट, कांथी करत दिघ्याला. तिथून ओडिशाची हद्द ओलांडून तालसारीला. सगळीकडे झाऊची, म्हणजे आपल्या सुरूची, झाडं, लाल खेकडे, धुकं, खजुराचा नवा गूळ, आणि तळहातासारखी सपाट जमीन. जेवढं मिळेना तेवढी मी हट्टाला पेटले. शनिवार उजाडायच्या आधी मी जागी. नवरा म्हणाला, "अगं, नकाशा बघ. या किनाऱ्याला डोंगरच नाहीत." मी म्हटलं, "तू खुर्ची सांभाळ." नकाशा मी बघितला होता. बघून मिटला होता.

मध्येच बाबांना बरं वाटत नव्हतं, तेव्हाचे दोन शनिवार घरी गेले. त्या दोन दिवसांत आम्ही दोघं पिंजऱ्यातल्यासारखे फिरत होतो, मी किचनमध्ये, ते गॅलरीत. समोरासमोर आलो की एकमेकांना वाट द्यायचो.

शिमगा महिन्याभरावर आला तेव्हा मंदारमणीच्या अलीकडे एका मच्छीमार वस्तीपाशी बाबांनीच ते पाहिलं. किनाऱ्यापासून दूर, ओल्या वाळूच्या पलीकडे, झाऊची झाडं डोक्यावर घेतलेला एक उंचवटा समुद्रात पुढे गेलेला.

"ते काय गो?"

खरंच टोकासारखं दिसत होतं. पण जायला रस्ता नव्हता, वाळूवरूनच जायला हवं. वाळू घट्ट होती, इकडे लोक तिच्यावर सर्रास गाड्या घालतात. पाणी खूप लांब होतं. मी बाबांकडे पाहिलं.

"आज एकादशी," ते म्हणाले. "म्हणजे भरती सकाळी सव्वाआठला झाली. दोन वाजून जाईपर्यंत पाणी उतरतच राहणार. घाल गाडी."

जेमतेम बारा वाजले होते. वस्तीवर जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं होती. त्यांना विचारावं, हे माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही. भरतीची वेळ बाबांना सोडून दुसऱ्या कुणाला विचारायची, ही कल्पनाच आमच्या घरात कुणाला शिवलेली नाही. मी गाडी वाळूत घातली. मध्ये एक पसरट खोलगट भाग लागला, कोरडाच होता, तो ओलांडला आणि उंचवट्याच्या पायथ्याशी गाडी लावली.

जवळून ते टोक नव्हतं. वाळूची टेकडी होती, दोन पुरुष उंचीची, झाऊच्या मुळांनी धरून ठेवलेली. बाबांचा हात धरून मी त्यांना वर चढवलं. वर वारा होता. खाली, खरंच पायाखाली, पाणी होतं. कातळ नव्हता, फेस नव्हता, पण पाणी होतं. बाबा उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. परीक्षेचा निकाल लागताना पाठ फिरवून उभं राहावं तसं.

"धरायचं का याला टोक?" मी विचारलं.

ते नाही म्हणाले नाहीत. चप्पल काढून वाळूत बसले. "बसू जरा," म्हणाले. "पाणी उतरतंय. डबा उघड."

मी डबा उघडला. एकादशीची साबुदाण्याची खिचडी होती. त्यांनी दोनदा मागून घेतली. बेहालात ते कधी दुसऱ्यांदा घेत नसत. मी मनात त्यांची खोलीसुद्धा ठरवून टाकली. मुलीची खोली द्यायची, पलंग खिडकीकडे ओढायचा. मला इतकं हलकं वाटत होतं की मीच डोळे मिटून आडवी झाले.

आरडाओरडा ऐकून उठले. काठावरून माणसं हात हलवत धावत येत होती. "दीदी! जोल आसछे! गाडी तुलुन!" पाणी येतंय, गाडी वर घ्या!

मागे वळून पाहिलं तर येताना ओलांडलेल्या खोलगट भागात पाणी भरलं होतं. समोरचा समुद्र अजून सभ्यपणे आपल्या जागी उभा होता आणि पाठीमागून पाणी आत शिरलं होतं. बाबा म्हणाले, "शक्य नाही." मी त्यांना ओढतच खाली आणलं, गाडी सुरू केली आणि पाण्यात घातली. अर्ध्यात चाकं रुतली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. दारातून पाणी आत यायला लागलं. मच्छीमारांनी बाबांना पाठुंगळीला घेतलं, मी गुडघाभर पाण्यातून त्यांच्या मागे. मग त्यांनी दोरखंड आणले आणि सगळी वस्ती लागली तेव्हा कुठे गाडी बाहेर आली, नाकातोंडातून खारं पाणी गाळत.

त्यांच्यातला एक म्हातारा माझ्यावर उखडला. "काउके जिग्गेस कोरबेन तो!" कुणाला तरी विचारायचं ना! मी मान खाली घातली. बाबांना बंगाली येत नाही, पण हे त्यांना समजलं. ओलं धोतर धरून ते उभे होते आणि पाण्याकडे बघत होते. पाणी टेकडीला वळसा घालून, त्यांना जराही न जुमानता, वर येत होतं. मला गाडीचं काही वाटलं नाही. बाबांचा चेहरा मात्र मला बघवेना. आई गेली तेव्हाही ते असे दिसले नव्हते.

गाडी ओढत आणून बेहालातल्या गॅरेजमध्ये टाकली. मिस्त्री म्हणाला, खाऱ्या पाण्यातली आहे, वेळ लागेल. आता आम्ही दोघंही खरोखर घरात अडकलो. बाबा येरझाऱ्याही घालेनात. जेवताना ओहोटीचं नाव नाही. नवऱ्याच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीत बसून टीव्ही बघायला लागले, आणि ते बघून माझं काळीज तुटलं. मला हवे होते तसे बाबा घरी राहिले होते, आणि मला ते तसे नको होते.

मग एके सकाळी मी भाजी आणायला गेले आणि परत येते तर बाबा नाहीत. फोन घरीच. मी खालच्या दुकानात विचारलं, औषधाच्या दुकानात विचारलं, मेट्रोचे जिने चढून बघितलं. नवरासुद्धा खुर्चीतून उठून ऑफिसऐवजी रस्त्यावर. चक्कर आली असेल, कुठे पडले असतील, हेच डोळ्यांपुढे. संध्याकाळी ते स्वतःच आले, चपला चिखलाने भरलेल्या.

"कुठे होतात?" मी ओरडले. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं एवढी ओरडले.

"बजबजला."

"तिथे काय आहे?"

"पाणी आहे," म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

माझेरहाटला ऑटोने जायचं आणि तिथून लोकल पकडायची, हे त्यांनी कुणाला तरी विचारून घेतलं होतं. मी बोलायची थांबले आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी मीही सोबत गेले. त्यांनी मला घाटावरच्या एका दगडी पायरीवर नेलं. आजूबाजूला तागाच्या गिरण्यांच्या चिमण्या, तेलाच्या टाक्या, नदीत संथ चाललेले पडाव, मालाच्या होड्या. सुंदर म्हणावं असं काही नाही. पण बाबा पायरीवर असे बसले की जणू तरीच्या धक्क्यावरची त्यांची जुनी खुर्चीच होती. होडीवाले त्यांना ओळखत होते.

"मी विचारलं यांना," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. बाबांनी पाण्याबद्दल कुणाला तरी विचारलं होतं!

"समुद्रावर इकडे आपल्या आधी भरती येते. जवळजवळ दोन तास आधी. मग ते पाणी नदीतून वर चढत येतं, त्याला वेळ लागतो. इथे पोचतं तोवर आपली वेळ टळून गेलेली असते. मध्ये कुठेतरी आपल्याशी जुळतं, ते नेमकं डायमंड हार्बरला. तिथेच मी फसलो." ते हसले, पण तोंड वाकडं करून. "समुद्र सगळा एकच, म्हणे!"

"बाबा, ती टेकडी," मी म्हटलं. "टोक धरणार होतात ना तिला?"

"टोक नाही गो इकडे. बंदर खात्यात नोकरी केली मी. हा किनारा सपाट आहे, हे मला ठाऊक नसेल?"

"मग मला महिनोन् महिने कशाला फिरवलंत?"

"तुला घरात बसवत नव्हतं. पोरीच्या खोलीचं दार उघडत होतीस, लावत होतीस. मी बघत होतो." मग जरा थांबून म्हणाले, "मलाही बसवत नव्हतं म्हणा."

पाणी पायऱ्या चढायला लागलं होतं. मला खूप राग आला आणि रडूही आलं. "राहा ना," मी म्हटलं. "टोक नसलं तर नसलं. मी सांगतेय म्हणून राहा."

"दार कोण उघडणार?"

"पालखी मोठी की मी?"

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पाण्याकडे बघत राहिले. पाणी आमच्या खालच्या पायरीवर आलं तेव्हा म्हणाले, "चल, उठ." मी उठले. त्यांना नेऊन सोडायचं मी लोकलच्या परतीच्या प्रवासात ठरवलं. माझ्या घरी खुर्चीत बसलेले सुरक्षित बाबा आणि चिखलाच्या चपला घातलेले हे बाबा, यांतले माझे कुठले, हे मला समजलं होतं. समजलं म्हणून काही सोसलं नाही.

शिमग्याच्या आधी मी त्यांना घेऊन गेले. रत्नागिरीहून भाड्याची गाडी घेतली आणि मुद्दाम किनाऱ्याकडचा लांबचा रस्ता धरला. खाडी आली की उतार, खाडी ओलांडली की चढ, आणि प्रत्येक चढावर एक टोक. सारा हिवाळा जे मिळालं नव्हतं ते इथे वळणागणिक सांडलेलं. बाबा मुलासारखे खिडकीतून डोकं काढून बसले होते. मी एकाही टोकावर गाडी थांबवली नाही. माझं भांडण चाललं होतं त्यांच्याशी.

पालखी आली. बाबांनी दार उघडलं. नवा सदरा, ताठ पाठ. त्या गर्दीत, ढोलांच्या आवाजात, ते उंबऱ्यावर उभे होते आणि मला काही म्हणायला जागाच उरली नाही. शेजारणीने सकाळ-संध्याकाळ डोकवायचं कबूल केलं. टोकाच्या कडेला एकटं जायचं नाही, हे मी त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतलं. "सड्यावरूनही दिसतं," ते म्हणाले. आणि मी परत बेहालाला आले.

गाडी मिळाली तेव्हा चैत्र संपत आला होता. सीटांना अजून खाऱ्या गाळाचा वास होता. गॅलरीत दोन दिवस कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी एकटीच निघाले आणि त्याच वस्तीवर गेले. का, ते मला विचारू नका. टेकडी तिथेच होती. यावेळी चढायची नव्हती, नुसती जवळून बघायची होती. खोलगट भाग कोरडा दिसला, तो ओलांडून गाडी वाळूत थांबवली, काचा खाली केल्या आणि बसून राहिले. एवढा मोठा सपाट समुद्र, आणि मला वाटत होतं की माझं इथे काही नाही, तिथेही काही उरलेलं नाही. जायला रस्ता मात्र दोन्हीकडे आहे.

फोन वाजला. बाबा होते. मागे वाऱ्याचा आवाज.

"सड्यावर आहात ना? कडेला नाही ना?"

"सड्यावर. तू कुठे?"

"घरी."

"घरात एवढा वारा कुठला?" ते म्हणाले. "इथे आत्ता पुरी ओहोटी आहे. खालचा कातळ उघडा पडलाय. म्हणजे तुझ्याकडे पाणी कधीच वळलं असेल. गाडी कुठे आहे?"

मी समोर पाहिलं. समुद्र लांब होता. मग आरशात पाहिलं. मागच्या खोलगट भागात एक बारीक चकाकती रेघ सरकत होती.

"बाबा..."

"बोलू नको. मागे घे आधी."

फोन मांडीवर टाकून मी गाडी मागे घेतली, वळवली आणि त्या रेघेतून पाणी उडवत काठावरच्या रस्त्यावर चढवली. फोन उचलला तर त्यांनी ठेवलेला नव्हता. त्यांचा वारा मला ऐकू येत होता.

"चाकाखाली काय लागतंय?" त्यांनी विचारलं.

"डांबर, बाबा."

"हं," म्हणाले, आणि मग फोन ठेवला.